जड पाण्यातली बाग

लातुरात पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारायची रीत आहे: आलं का? शेजारीण शेजारणीला विचारते, भाडेकरू मालकाला विचारतो, माहेरी गेलेली सून फोनवर आधी हेच विचारते आणि मग लेकराचं. किती दिवसाआड आलं, किती वेळ राहिलं, वरच्या टाकीत चढलं का, सगळी बोलणी मापाची. २०१६ च्या उन्हाळ्यानं तर ही सवय हाडात मुरवली. मांजरा धरण तळाला गेलं होतं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं शाळकरी पोरगंसुद्धा लाखांत बोलायचं.

अशा गावात दिवाणखान्यात काचेची टाकी मांडून तिच्यात पाणी भरायचं, आणि तेही पाणवनस्पती वाढवायला, म्हणजे जरा बेशरमपणाच. टाकी मी विकत आणलेली नव्हती. ऑफिसातल्या एकांची पुण्याला बदली झाली, सामानात काच न्यायची नाही म्हणून त्यांनी ती आमच्याकडं आणून ठेवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, काठोकाठ भरली तर सत्तर लिटरच्या आत-बाहेर. वाळू-माती घालून आत साठ लिटर पाणी मावतं. सासूबाईंनी ते त्यांच्या मापात करून घेतलं.

"म्हंजे चार घागरी. चार घागरी पाणी नुसतं बघायला?"

याला उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं की एकदा भरलं की भरलं, रोज लागत नाही. त्यांनी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

मी वाणिज्य शाखेची. पतसंस्थेत हिशेब बघते. जीवशास्त्राशी माझा संबंध लेकीच्या पुस्तकांना कव्हर घालण्यापुरता. त्यामुळं टाकी मांडायची ठरल्यावर मी आधी वाचत बसले, आणि वाचताना ध्यानात आलं की या छंदातली माणसं पाण्याबद्दल भलतेच प्रश्न विचारतात. किती आहे हे कुणीच विचारत नाही. कसलं आहे, हे विचारतात. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, बायकार्बोनेट किती, सामू (पीएच) किती. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे आपल्या बोलण्यातला जडपणा, मोजायला थेंबांची बाटली मिळते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकत जायचं, रंग पालटला की थांबायचं. जितके थेंब तितके जर्मन अंश. एक अंश म्हणजे लिटरमागं साधारण १८ मिलिग्रॅम, चुन्याच्या हिशेबात. आमच्या बोअरच्या पाण्यात मी थेंब टाकत राहिले, टाकत राहिले. गुणाकार केला तर चारशेच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दोनशेपर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरी सोयच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घ्या म्हटलंय. म्हणजे आम्ही 'चालवून घ्या'मध्ये.

मी हे मोठ्या शोधाच्या थाटात स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. सासूबाई डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मग? बोअरच्या पाण्याला डाळ शिजती का कवा?"

बरोबरच होतं. डाळीला नळाचं, आंघोळीला बोअरचं, ही वाटणी त्या लग्न होऊन आल्यापासून करत आल्या आहेत. नळाचं संपलं तर डाळीत चिमूटभर सोडा. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर, गीझरची कॉइल दर वर्षाला बाद, साबणाला फेस नाही, कुलरच्या गवती जाळ्या एका उन्हाळ्यात दगडासारख्या. बेसॉल्टच्या भेगांतून पाचशे-सातशे फूट खोलवरून उपसलेलं पाणी आहे ते, येताना वाटेतलं सगळं विरघळवून आणतं. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून ती मऊ पडत नाही, एवढं कारण मला पुस्तकानं दिलं. बाकी सगळं घरात आधीच माहीत होतं, फक्त बैठकीच्या खोलीत कधी आलेलं नव्हतं.

आरओवाले येऊन मीटर बुडवून टीडीएसचा आकडा दाखवतात, तो वेगळा. त्यात मीठ, सोडा, चुना सगळं एकत्र मोजलं जातं. झाडांना फरक पडतो तो त्यातल्या चुना-मॅग्नेशियमचा आणि बायकार्बोनेटचा. हे लिहून ठेवते, कारण टीडीएस बघून घाबरून लोक पहिल्याच दिवशी टाकीसाठी आरओचं पाणी वापरायला लागतात, आणि एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर मोरीत जातं. लातुरात हे करायला मन दगडाचं पाहिजे.

आता या छंदाची जी चित्रं आपल्याला दिसतात, हिरव्यागार गालिचाची, लालबुंद पानांची, त्यांचा मूळ पुरुष जपानचा तकाशी अमानो. हा मुळात छायाचित्रकार. १९५४ चा जन्म, २०१५ साली गेला. पाण्याखाली डोंगर-कुरणं उभी करायची, वरून झगझगीत प्रकाश द्यायचा, सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सोडायचे, ही शैली त्याची. शेवटचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयात, चाळीस मीटर लांबीची टाकी, एक लाख साठ हजार लिटर पाणी. हा आकडा वाचल्यावर मी काय केलं असेल? मिरजेच्या पहिल्या गाडीला भागून बघितलं. तीन टाक्या भरून वर थोडं उरतं.

अमानोंच्या टाक्या बघून डोळे निवतात, यात वाद नाही. पण ते मऊ, म्हणजे चुना कमी असलेल्या, पाण्याचं काम आहे. ते आमच्याकडं करायचं तर आधी पाणी बदलायचं, मग सिलिंडर आणायचा, मग दिवे, मग दर आठवड्याला अर्धं पाणी फेकायचं. मराठवाड्यात ऊस लावतात तसंच ते. येतो की, ऊस येतोच. फक्त त्याच्यासाठी बाकी सगळ्यांनी तहानलेलं राहायचं. मी ज्वारीच्या बाजूची आहे. आपल्या पाण्यात काय आपोआप येतं ते बघायचं आणि तेच लावायचं, असं मी ठरवलं.

आणि इथं मला या जड पाण्याची एक बाजू कळली, जी आजवर कुणी सांगितली नव्हती. पाण्याखालच्या झाडाची खरी अडचण कार्बनची असते. हवेत कार्बन डायऑक्साइड पानापर्यंत चटकन पोचतो, पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पान त्याची वाट बघत बसतं. म्हणून ते सिलिंडर. पण काही पाणवनस्पतींनी दुसरी वाट शोधली आहे: पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट फोडून त्यातून कार्बन घ्यायचा. हायड्रिला हे करते, व्हॅलिस्नेरिया करते, सेराटोफायलम करते. आणि बायकार्बोनेट कुठल्या पाण्यात भरपूर? ज्याच्यात डाळ शिजत नाही त्या. जावा मॉसला हे जमत नाही. म्हणून ते शेवाळं कोकणातल्या मऊ पाण्यात फोफावेल, आमच्याकडं रडतखडत जगतं.

हायड्रिलाचं हे काम हाताला कळतं. बोटांत पान धरलं तर खरखरीत लागतं. बायकार्बोनेट उपसल्यावर चुना उरतो आणि तो पानावरच बसतो. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. टाकीतल्या पाण्याचा सामू सकाळी मोजा आणि संध्याकाळी मोजा, दिवसभराच्या उजेडानंतर तो चढलेला असतो.

हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया दोन्ही भावानं आणली. तो औसा तालुक्यात शेती करतो. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, माती वाहून लोकांनी बांधलेला. आमची आई त्या कामावर होती. यंदा त्यात पाणी होतं. मी फोनवर सांगितलं की लांब फितीसारखी पानं असलेलं एक गवत असतंय बघ पाण्यात, मुळासकट आण. तो म्हणाला, "अक्का, त्या गवतात म्हशीचा पाय अडकतो म्हणून आम्ही काढून टाकूलालाव, अन् तू इकडं घरात लावूलालीस?" तरी आणलं. खताच्या रिकाम्या पिशवीत, चिखलासकट, एसटीनं.

तलावातलं झाड घरात आणताना एक काळजी घ्यायची. त्याच्यासोबत जळवा येतात, चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी माशांची पिल्लं फस्त करते. तुरटीच्या पाण्यात बुडवून, मग दोन-तीनदा स्वच्छ धुऊन घेतलं की बरंच काही निघून जातं. टँकरचं गढूळ पाणी निवळायला तुरटी घरात असतेच. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. दुकानातून आणलेलं परदेशी झाड नको झालं म्हणून तलावात-नदीत टाकायचं नाही. जलपर्णीनं भरलेल्या नद्या आपण बघतोच आहोत. ती दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आलेली होती.

जमिनीचं काय करायचं, यावर या छंदातल्या लोकांत दोन तट आहेत. एक तट पोषक द्रव्यांची माती भाजून केलेल्या महागड्या गोळ्या विकतो. दुसरा म्हणतो, साधी बागेतली माती खाली पसरा, वर वाळूचा थर द्या, झालं. ही दुसरी पद्धत अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टड यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांचं म्हणणं असं की मातीतले सूक्ष्मजीव सेंद्रिय भाग कुजवून झाडाला कार्बनही देतात आणि अन्नही. बाहेरून फार काही घालायला नको. मला हे पटलं, कारण माती फुकट होती. पण आमची माती म्हणजे काळी, चिकणमाती, भिजली की फुगते आणि पायाला बूट चढवते. ती तशीच टाकली तर घट्ट बसून आत हवा जात नाही, आणि हलवली की पाणी शाईसारखं. म्हणून चाळून, निम्मी जाड वाळू मिसळून, इंचभर थर. वर दोन इंच वाळू. काळ्या मातीचा मोठा गुण म्हणजे तिची चिकणमाती अन्नद्रव्यं धरून ठेवते, लगेच पाण्यात सोडत नाही. दोष म्हणजे चुनखडी. मूठभर मातीवर लिंबू पिळलं तर फसफसली. मऊ पाण्यातली नाजूक झाडं लावणाऱ्याला ही फसफस म्हणजे नापास. मी जे लावणार होते त्यांना ती पथ्यावर पडणार होती. एवढं मात्र विचारून घ्यायचं की त्या रानात तणनाशक कधी मारलंय.

टाकी भरल्यावर मासे लगेच सोडायचे नाहीत, हा नियम सगळे सांगतात. आमच्या पाण्यात तो दुप्पट पाळावा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत जम बसवायला महिना-दीड महिना घेतात. त्या मधल्या काळात अमोनिया साठतो. मऊ, आम्लाकडं झुकणाऱ्या पाण्यात त्याचा बराचसा भाग निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. सामू आठच्या वर आणि पाणी गरम, म्हणजे अगदी लातूरचा उन्हाळा, तर तोच विषारी रूपात जातो. सुदैवानं झाडांना हे अमोनियम आवडतं. वाढत्या हायड्रिलाची जुडी हे काम जिवाणूंच्या आधीच सुरू करते. म्हणून आधी झाडं, भरपूर आणि भराभर वाढणारी. मासे सावकाश.

मासे तरी कुठले? तेही फुकट. आमच्या हौदात आरोग्य खात्यानं सोडलेले गप्पी आहेत, डासांच्या अळ्या खायला. आठ-दहा दिवसाआड नळ येणाऱ्या गावात घरोघर पाणी साठवलेलं, त्यामुळं डेंगीची भीती घरोघर. आरोग्य सेविका येऊन कोरडा दिवस पाळा म्हणतात आणि बाटलीतून गप्पी देऊन जातात. मादी मातकट, नराच्या शेपटीला थोडा रंग. या माशाला मुळात जड पाणीच मानवतं. सासूबाईंना टाकीतली ही एकच गोष्ट कामाची वाटते, कारण ते काहीतरी खातात.

सुरुवातीचा काळ दिसायला वाईट असतो, हे नव्यानं टाकी मांडणाऱ्याला कुणीतरी सांगून ठेवायला हवं. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीतून मागवलेली क्रिप्टोकोरायन आठवड्याभरात विरघळल्यासारखी झाली. पानं काचेगत पारदर्शक होऊन गळून गेली. हे होतंच. रोपवाटिकेत ही झाडं बहुतेक पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पानं हवेसाठी बनलेली. पाण्यात आल्यावर झाड जुनी पानं सोडतं आणि पाण्याजोगी नवी काढतं. मूळ पांढरं आणि टणक असेल तर उपटायचं नाही. माझ्या क्रिप्टोला नवी पानं आली, आधीच्यापेक्षा अरुंद आणि तपकिरी. अनुबियास तर काही न करता बसून असतं, महिन्याला एखादं पान. त्याचं आडवं जाड खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं; पुरलं की कुजतं. बाकी त्याला काही लागत नाही. सरकारी नोकरीतलं झाड म्हणते मी त्याला.

मग शेवाळ. काचेवर तपकिरी, पानांवर हिरवे ठिपके, हायड्रिलाच्या शेंड्यांना केसांसारखं गुंतलेलं. प्रकाश जास्त आणि झाडं कमी, एवढंच त्याचं मूळ असतं. सुरुवातीला दिवा सहा तास पुरे. पूर्वेच्या खिडकीचं ऊन टाकीवर पडत होतं, तिथं जुनं धोतर लावलं. आमच्याकडं महावितरण मधूनमधून विश्रांती देतंच, त्याचा या बाबतीत फायदा झाला म्हणायचा.

झाडांबरोबर बारीक गोगलगाई आल्या आणि वाढल्या. दुकानदार यांना मारायचं औषध विकतात. मी विकत घेतलं नाही, आणि त्याला आधार १८५० सालचा आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं झाड ठेवलं, पाणी न बदलता हे चालेल का बघायला. झाडाची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळलं, काचेवर हिरवट थर आला. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगाई आत सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, काच साफ केली, आणि भांडं सुधारलं. पाणी न फेकता टिकवायचा हा प्रयोग लंडनसारख्या पावसाळी गावात झाला, हे मला जरा लागलं. तो लातुरात व्हायला हवा होता. असो. गोगलगाईंनाही जड पाणी बरं, शंखाला चुना मिळतो. त्या फार झाल्या तर समजायचं आपण माशांना खायला फार घालतोय.

उन्हाळ्यात खरी परीक्षा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, टाकीतलं पाणी तेहेतीसच्या पुढं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. उपाय सोपा आहे: झाकण काढायचं आणि छोटा पंखा पाण्यावरून वाहील असा लावायचा. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण मग पाणी उडतं, दिवसाला तांब्या-दोन तांबे, आणि ते भरावं लागतं. गंमत इथं आहे. उडतं ते नुसतं पाणी. चुना मागं राहतो. वरून पुन्हा बोअरचं घातलं तर पुन्हा चुना. कुलरच्या जाळीचं जे होतं ते टाकीचं होणार, फक्त दिसायला उशीर लागेल. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी मऊ पाणीच हवं. मृगाचा पहिला पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्यायचा आणि त्यानंतरचं पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये धरायचं, जाळी लावून. आमच्याकडं असे दोन ड्रम आहेत, त्यातलं पाणी टाकीशिवाय कशालाच वापरायचं नाही असा माझा नियम, आणि डाळीला वापरायचं असा सासूबाईंचा. ड्रम सहसा त्यांच्या नियमानं रिकामे होतात.

दर आठवड्याला एक बादली पाणी काढते, कधी तीही नाही. ती बादली मोरीत जात नाही, कढीपत्त्याला जाते. त्यात नायट्रेट असतं. नवं पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवते, क्लोरिन उडून जायला. टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हात सैल सोडून टाकलेली असते, त्याला दोन रात्री.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका पिवळ्या पानानं. पावसाळ्याच्या तोंडाला व्हॅलिस्नेरियाची नवी पानं फिकट यायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट. जुनी पानं ठीक. मी वाचत बसले होते, नत्र का पालाश का मॅग्नेशियम. भाऊ दवाखान्याच्या कामानं आला होता. चहा पिता पिता टाकीकडं बघून म्हणाला, "ह्याच्यावर केवडा पडलाय की."

उसावर पडतो, हळदीवर पडतो, चुनखडीच्या रानात तर हमखास. लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतं, पण चुना जास्त असला की ते झाडाला उचलता येत नाही. नव्या पानांवर आधी दिसतं, कारण झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देऊ शकत नाही. उपाय चिलेटेड लोहाचा, म्हणजे चुन्यानं अडवू नये म्हणून दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेल्या लोहाचा. मत्स्यालयाच्या दुकानात याची इवलीशी बाटली मिळते, वर रंगीत मासा. भावाच्या कृषी सेवा केंद्रात तेच किलोवर मिळतं. फक्त कुठलं चिलेट ते बघावं लागतं आणि हे त्यालाच माहीत होतं: ईडीटीए आमच्यासारख्या चुनखडीत तग धरत नाही, सामू सातच्या आसपास गेला की लोह सोडून देतं. डीटीपीए त्याहून थोडं बरं. ईडीडीएचए नऊपर्यंत टिकतं. ते महाग आहे आणि पाण्याला लालसर छटा देतं. मी हिशेब मांडला. लिटरला ०.१ मिलिग्रॅम लोह पुरे, साठ लिटरला सहा मिलिग्रॅम. भुकटीत लोह सहा टक्के, म्हणजे भुकटी शंभर मिलिग्रॅम. सोनाराचा काटा लागावा एवढंसं. भावाच्या पाव किलोच्या पुड्यात माझी टाकी माझ्या नातवंडांपर्यंत चालेल. पुढच्या दोन-तीन पानांत हिरवेपणा परत आला.

त्यानंतर मी बाटल्यांच्या मागची अक्षरं वाचायला लागले. नत्र-पालाशची बाटली म्हणजे १३:००:४५ (आकडे ओळीनं नत्र, स्फुरद, पालाशचे), पोटॅशियम नायट्रेट. स्फुरदाची म्हणजे ००:५२:३४. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, जी आमच्या गावात द्राक्ष-डाळिंबवाल्या कुणालाही तोंडपाठ. या छंदात बाहेरच्या माणसाला जे गूढ वाटतं, त्यातलं निम्मं शेतकऱ्याला आधीच येतं. एक सावधगिरी: सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्र खत सरसकट टाकू नये, त्यात तांबं आणि जस्त शेताच्या मापानं असतं, गोगलगाई आणि झिंगे तांब्यानं मरतात.

पुढं काय लावायचं याची यादी आहे. जलब्राह्मी लावायची आहे. ओढ्याकाठी ओल्यात पसरते, पाण्याखालीही वाढते, जड पाण्याची तक्रार नाही. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा फोटोत बघून मोह होतो, पण तो सह्याद्रीतल्या मोजक्याच पठारांवर उरलेला आहे, तो तिथंच बरा. आणि लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा, जी सह्याद्रीच्याच कुशीतली, तरी माझ्याकडं येणार नाही. भारतातलं म्हणजे आपल्यातलं असं नसतं. घाटापलीकडचं पाणी वेगळं.

लेक बारावीला आहे, नीटची तयारी. लातूर पॅटर्नमध्ये असतात तसे तिचे दर रविवारी पेपर. जलपरागणाच्या धड्यात व्हॅलिस्नेरिया हमखास. नरफूल देठापासून सुटून पाण्यावर तरंगत जातं, मादीफूल लांब देठानं वर येऊन थांबतं, दोघांची गाठ पृष्ठभागावर पडते, मग मादीचा देठ गुंडाळी घालून फळ खाली ओढून घेतो. या शहरात हजारो पोरापोरींना हे तोंडपाठ आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी हे झाड बघितलेलं नाही. गेल्या महिन्यात आमच्या टाकीत फूल आलं. दोऱ्याएवढा देठ वळसे घेत वर आला आणि टोकाला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पाण्याच्या पातळीवर टेकलं. लेक पेपर सोडून बघायला आली. मग दुसरं आलं, तिसरं आलं. सगळी मादी.

तिनंच सांगितलं का ते. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. आमच्या टाकीतली सगळी झाडं भावानं आणलेल्या एकाच रोपाच्या धावत्या खोडातून फुटलेली, म्हणजे एकच झाड पुन्हा पुन्हा. नर कुठून येणार?

मी भावाला फोन लावला, म्हटलं आता दुसऱ्या एखाद्या तलावातलं आण, पण नर बघून आण.

"नर वळखायचा कसा?"

"फूल आल्याशिवाय कळत नाही म्हणं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अक्का, तुमच्या नळाला पाणी आलं का? न्हाई, मी चार तलावांचं आणतो. ठिवायला जागा कर."

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.